औषधाचे आभार

डरबनच्या छापखान्यातून लेबलांचा गठ्ठा आला, तेव्हा फिकिलेने पहिलं लेबल शेजारच्या मागुमेडेच्या हातात दिलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

फिकिलेचा धंदा रानआल्याचा. डोंगरातलं रानआलं खणणाऱ्यांनी कधीच संपवलं होतं. उरलं होतं ते म्हाताऱ्या मागुमेडेच्या परसात. साखर कारखान्यातलं काम सुटून फिकिले एशोवे शहराजवळच्या या टेकडीवर परत आली, तेव्हा तिच्या लेकीची, नोलवाझीची छाती भात्यासारखी वाजत होती. म्हातारीने कुणी न मागता गड्डे उकरून आणले. एक तुकडा पोरीला चघळायला दिला, बाकीचे फिकिलेच्या ओंजळीत टाकले.

“हे मातीत घाल,” ती म्हणाली. “सगळं खाऊन बसलीस तर उद्या काय चघळाल, माझी हाडं?”

पोरगी बरी होऊन अंगणभर पळायला लागली. गड्ड्यांना कोंब फुटले, त्यांचे वाफे झाले, वाफ्यांवर सावलीची जाळी आली, गावातल्या बायकांना काम मिळालं. आता डरबनच्या पिल्ले नावाच्या दुकानदाराने वाळवलेल्या रानआल्याचे डबे मागवले होते. शुक्रवारी त्याचा टेम्पो यायचा होता.

एवढं सगळं झालं, पण फिकिले मागुमेडेला कधी ‘तुमचे उपकार’ म्हणाली नव्हती. विसरली मुळीच नव्हती. या डोंगरांत औषधाचे आभार मानत नाहीत. मानले की त्याचं बळ जातं आणि गेलेलं दुखणं परत येतं, म्हणून तोंड मिटून घ्यायचं. पण मन कसं मिटायचं? छापखान्यातल्या मुलीने “आणखी काही लिहायचंय?” विचारलं, तेव्हा फिकिलेला वाटलं, बंदी बोलायला आहे, छापायला कुठे आहे? आपल्या या हुशारीवर ती येताना बसमध्ये एकटीच हसली होती.

मागुमेडेने चष्मा लावून लेबल लांब धरलं.

“हे माझं नाव ना ग?” म्हातारी खुशीत आली. मग तिने पुढचं वाचलं: तुमचे फार फार आभार. तिचं हसू विरलं. “औषधाचे आभार मानलेस?”

“मी बोलले कुठे, गोगो?” फिकिले म्हणाली; आजीला ती अशीच हाक मारायची. “नुसतं छापलंय.”

“वा. म्हणजे मी ऐकायचं नाही, पण अख्ख्या डरबनने वाचायचं. उद्या पोरीची छाती भरली तर हा कागद चिकटव तिच्या छातीवर.”

म्हातारी काठी टेकत निघून गेली. डबे भरणाऱ्या बायकांनी हात आखडते घेतले. त्यांच्यातली डुडुझिले म्हणाली, “राग मानू नकोस, पण माझ्या घरीही लेकरं आहेत.”

फिकिलेने पिल्लेला फोन लावला.

“सिसी, मला तर तीच ओळ आवडली,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक डोळे पुसत विकत घेईल. बदलत बसलात तर शुक्रवार चुकेल, मग माझा काही भरवसा धरू नका.”

ओळ लेबलाच्या मधोमध होती, कापून टाकायचीही सोय नव्हती. फिकिले विचार करत बसली, तेवढ्यात नोलवाझी शाळेतून आली आणि दारातच खोकली. फिकिले ताडकन उठली.

“धूळ गेली ग, आई,” पोरगी म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

धूळ तर धूळ. आभारांनी औषध खरंच मरतं का, हे फिकिलेला माहीत नव्हतं. पण ज्या बाईने आपलं लेकरू हातात परत दिलं, तिचा जीव दुखवून उभा राहिलेला धंदा तिला नको होता. तिने अख्खा गठ्ठा चुलीत घातला. शुक्रवार चुकला. पिल्लेने पुष्कळ कुरकुर केली आणि शेवटी अर्धाच माल घेतला, तोही साध्या खाकी कागदात. उरलेला बायकांनी एशोवेच्या बाजारात बसून विकला.

तरी मागुमेडे फिरकली नाही. मग फिकिलेला उशिरा का होईना, काय करायचं ते सुचलं. गेल्या हिवाळ्यात चोरांनी म्हातारीचा वाफा मुळासकट खणून नेला होता. फिकिलेकडे रांगाच्या रांगा डोलत होत्या, पण म्हातारीने एकही गड्डा मागितला नव्हता. दिलेलं परत कसं मागायचं?

सकाळी फिकिले सगळ्यात टपोरे गड्डे घेऊन तिच्या परसात शिरली आणि कुदळीने खणून एकेक लावू लागली.

“आता काय न्यायला आलात, मेल्यांनो?” आतून आवाज आला. पाठोपाठ काठी उगारून मागुमेडे आली.

तिने फिकिलेला पाहिलं, गड्डे पाहिले, त्यांच्यावरचे गुलाबी कोंब पाहिले. काठी हळूच खाली आली.

“फिकिले, पोरी, मला तुझे...”

“गोगो,” फिकिले मान वर न करता म्हणाली, “पुढचा शब्द काढलात तर सगळं सुकून जाईल.”

म्हातारीने तोंड घट्ट मिटलं. ती वाफ्याच्या कडेला बसली आणि मुकाट्याने दोन्ही हातांनी कोंबांभोवती माती लोटू लागली. डोळे पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.

“किती अवघड आहे ग हे,” ती बऱ्याच वेळाने म्हणाली. “तू कधीपासून अशी गप्प आहेस?”

“पोरगी बरी झाली, तेव्हापासून,” फिकिले म्हणाली.