जोत्यावरची काच

भूकंपात गाव भुईसपाट झालं, त्यानंतर सात महिन्यांनी गवंड्यानं स्वतःच्या घराचं जोतं उभारलं आणि ते कोपऱ्यात तडकलं. केसाएवढी भेग. कोणी पाहायच्या आत त्यानं ती सिमेंटनं लिंपून टाकली. तीस वर्षं लोकांची घरं बांधणाऱ्याचं स्वतःचंच जोतं तडकलं म्हटल्यावर कामाला कोण बोलावणार?

भूगर्भतज्ज्ञ बाई रोज सगळा उतार पायी पालथा घालत. कुठे झाड कललंय, कुठे झरा गढुळलाय, सगळं वहीत. कुठल्या रेघेच्या वरच्या अंगाला घरं बांधायची नाहीत, ती चुन्याची रेघ त्यांनीच मारलेली. गवंड्याचं जोतं तिच्या खाली, बारा पावलांवर. तिथे त्या थबकल्या.

"दादा, हे लिंपण ताजं दिसतंय."

"हात चुकला, ताई."

"हात चुकला की डोंगर सरकतोय? मापाचं यंत्र यायला महिना आहे."

"महिना कशाला?" गवंड्यानं फुटक्या खिडकीची काचपट्टी आणली. लिंपण खरवडून ती भेगेवर आडवी ठेवली, दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की केली. "भेग हलली की काच फुटणार. ती कुणाची भीड धरत नाही."

"हे आम्हाला कुणी शिकवलं नाही," बाई हसल्या आणि तारीख लिहून घेतली.

बायको रोज सकाळी काच बघून यायची. "फुटली तर?"

"तर माझा हात बरोबर."

"आणि घर?"

तो थापी उचलून कामाला निघाला.

नवव्या दिवशी काच फुटली. दुसरी पट्टी पिशवीत होती. बदलली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता. गवंडी तडक बाईंकडे गेला.

दोघांनी मिळून प्रत्येक नव्या घराचं जोतं तपासलं आणि जिथे भेग सापडली तिथे काच लावली. आठवड्यात अकरा फुटल्या, सगळ्या एका ओळीत. बाईंनी स्वतःची रेघ पुसली आणि ऐंशी पावलं खाली नवी मारली.

"आधी मीच चुकले," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या.

"स्वतःचं गेलं म्हणून आमचंही घालवतोस होय रे?" शेजारी खवळला.

"आधी माझं पाडतो. दगड नव्या जागी लागतील."

गवंड्यानं पहार घातली. जोतं हलेना. शेजाऱ्यानं थोडा वेळ पाहिलं, मग बाह्या सरसावून दुसरी पहार उचलली. दुपारपर्यंत दोघे घामाघूम, आणि दगड निघाले चार.

"काय बांधून ठेवलंयस मेल्या!" शेजारी धापा टाकत म्हणाला.

भूकंपानंतर पहिल्यांदाच गवंडी मोठ्यानं हसला.