ओझेलाच्या हाकेला ओ

अमेरिकेतल्या मेम्फिसमधल्या त्या चर्चमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. ज्या चर्चने ओझेला ग्रीअरला एकेकाळी गायकवृंदातून हाकललं, तेच आज तिच्या शवपेटीवर फुलं रचत होतं. प्रार्थनेतला हुंकार तिने पहिल्यांदा प्रेमाच्या गाण्यात आणला, रेडिओवर नेला, म्हणून तेव्हा ती पापीण ठरली. पुढे सगळा देश तसंच गायला लागला आणि ती 'आमची ओझेला' झाली. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय!

पहिल्या बाकावर क्लिओथा होती. ओझेलाच्या मागे उभी राहून तिने उभा जन्म फक्त ओ दिली. ओझेला गाण्यात हाक घालायची, "कुणी आहे का गं?" आणि क्लिओथा म्हणायची, "आहे गं, इथंच आहे." अख्खं गाणं या दोन ओळींवर तोललेलं होतं.

मग एका मुलाखतीत ओझेला बोलून गेली, "मागे गाणाऱ्या काय, कुणीही मिळतात." क्लिओथाने तिच्याशी बोलणंच टाकलं. तीही काही कमी हेकट नव्हती. गेल्या आठवड्यात ओझेलाच्या लेकीचा, वर्नीसचा, दवाखान्यातून फोन आला. "मावशी, आई सारखं तुझं नाव घेतेय. येऊन जा."

"तिला म्हणावं, कुणीही मिळेल," म्हणून क्लिओथाने फोन आपटला. जायचं मनात होतं. रविवारी जाऊ, म्हणाली. ओझेला शुक्रवारीच गेली.

आता चर्चमध्ये वर्नीस क्लिओथाच्या कानाशी वाकली. "आईचं गाणं डेविना गाणार आहे. तू ओ देशील ना?"

"कुठल्या तोंडानं देऊ?"

"आहे त्याच तोंडानं. दुसरं कुठून आणणार?"

डेविना आजची मोठी गायिका. ओझेलाच्या रेकॉर्डी ऐकूनच घडलेली. तिने जीव ओतून हाक घातली, "कुणी आहे का गं?"

ओ आली नाही. डेविनाने पुन्हा हाक घातली. क्लिओथा पेटीकडे बघत राहिली. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या पुठ्ठ्याचे पंखे हलवत म्हणाल्या, "सावकाश, बाई! देव आहे!"

डेविना माइकपासून बाजूला झाली. "मावशी, ती जागा माझी नाही," म्हणाली आणि पायरीवर जाऊन बसली.

ऑर्गनवाला वाजवत राहिला. हाकेची जागा आली आणि रिकामी गेली. गाणं सगळ्यांना पाठ होतं, पण कुणी तोंड उघडलं नाही.

"आहे गं," क्लिओथा म्हणाली. आवाज पार फाटलेला. "इथंच आहे."

प्रत्येक कडव्याला तिने ओ दिली. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी पेटी उचलली, तरी ती थांबली नाही. जन्मभर चालली तशीच ओझेलाच्या मागून गात गाडीपर्यंत गेली. गाडीचं दार लागलं.

वर्नीसने तिचा हात धरला. "पुरे, मावशी. ऐकलं तिनं."

"नाही गं," क्लिओथा म्हणाली. "तिला दवाखान्यात ऐकायचं होतं."