गुलाबी काठाचा बेगोनिया

आमच्या घरातली चांगली उजेडाची खोली झाडांना दिलेली आहे. माणसं उरलेल्या जागेत राहतात. माझं शिलाई मशीनसुद्धा पॅसेजमध्ये आहे, आणि पँटच्या कडा दुमडायला गिऱ्हाईक आलं की त्याला चपलांच्या कपाटाला टेकून उभं राहावं लागतं. लग्न झालं तेव्हा आमचे हे छापखान्यात ऑफसेट मशीनवर होते आणि खिडकीत एकच बेगोनिया होता. निवृत्त होईपर्यंत त्याची पलटण झाली. माशांच्या जुन्या टाक्या, वर ट्यूबलाइट, आत ओलं मॉस, म्हणजे एक प्रकारचं शेवाळ, आणि त्यावर ही पानं. चंदेरी, जांभळी, काळपट, केसाळ, काही शंखासारखी गुंडाळलेली. फुलं येतात, पण आली रे आली की हे खुडून टाकतात, सगळी ताकद पानात राहावी म्हणून. पाहुणे हटकून विचारतात, "फुलं कुठायत?" मग यांचं तोंड असं होतं की पाहुण्यांना मलाच चहा विचारावा लागतो.

त्या पलटणीत एक झाड वेगळं होतं. मी त्याला राणीसाहेब म्हणायची. साध्या चंदेरी पानाच्या एका बेगोनियाला एकदा असा फुटवा आला की त्याच्या पानांना सगळीकडून गुलाबी काठ. हे तो खुडायला निघाले होते, त्यांना वाटलं कसला तरी रोग आहे. आमची लेक तेव्हा शाळेत होती. ती मध्ये पडली. "बाबा, राहू द्या ना. छान दिसतंय." मग यांनी तो फुटवा खोडाच्या तुकड्यासकट काढून वेगळ्या कुंडीत लावला आणि तो लागला. आयुष्यभर छापखान्यात रंग जुळवलेला माणूस, पण असा गुलाबी कुठल्याच शाईत मिळत नाही म्हणायचे. बेगोनियावाल्या मंडळींनी किती वेळा एखादं पान मागितलं असेल. या मंडळींत पान मागणं आणि पान देणं हा शिष्टाचारच आहे. बेगोनियाचं पान शिरेवर कापून मॉसवर ठेवलं की त्या शिरेतून रोपं फुटतात, हुबेहूब आईसारखी. यांनी सगळ्यांना बाकी सगळ्या झाडांची पानं दिली, याचं मात्र नाही. "ते माझं नाही, लेकीचं आहे," म्हणायचे. स्वतःसाठीही कधी कापलं नाही.

लेक मोठी झाली. बापाला वाटत होतं की दोघांनी मिळून एक छोटी नर्सरी काढावी. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि ती गेली. भांडण असं काही झालं नाही. झालं असतं तर बरं, भांडण मिटतं तरी. हे नुसते रुसले, आणि रुसलोय हे कबूल करायलाही तयार नाहीत. तिनं तिकडे स्वतःचं म्हणून पहिलं घर घेतलं, चार वर्षं झाली. मी जाऊन येऊन असते. हे एकदाही गेले नाहीत. विचारलं की उत्तर ठरलेलं, "झाडांना पाणी कोण घालणार?" शेजारी आहेत म्हटलं तर म्हणायचे, शेजारी पाणी घालत नाहीत, ओततात.

या हिवाळ्यात तिचा फोन आला आणि तिनं फोन यांनाच द्यायला सांगितला.

"बाबा, माझं झाड मला द्याल?"

हे म्हणाले, "तुझंच आहे. विचारायचं काय त्यात?"

"पण मला नाही आणता यायचं हो. पानं मोडतील. तुम्हीच घेऊन या."

"अर्थात. तुला कुठे जमणार?" हे म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर दिवसभर शीळ घालत होते. माणूस पंचवीस वर्षांनी शीळ घालत होता. थंडी सरली की निघायचं ठरलं. यांनी खोका शोधला, त्याला आतून थर्माकोल लावला, भोकं पाडली. मी मनात म्हटलं, चला, घोडं गंगेत न्हालं.

पण माणसाचं मन. जायच्या आधी एक पान आपल्याला ठेवावं असं यांना वाटलं. यात वाईट काय? झाड लेकीला, रोप आपल्याला. यांनी सगळ्यात चांगलं पान घेतलं, ब्लेड जाळावर धरून निर्जंतुक केलं, शिरा कापल्या आणि मॉसवर मांडलं. महिनाभरात बारीक बारीक रोपं फुटली. रोज भिंग लावून बघणं सुरू. पानं उलगडली ती चंदेरी. काठाला गुलाबीचा पत्ता नाही.

"उजेड कमी पडला असेल," हे म्हणाले आणि दुसरं पान कापलं. मग तिसरं. मग मॉस बदललं, ट्यूब बदलली, आणखी दोन पानं कापली. मी म्हटलं, "अहो, आहे ते तरी द्या तिला. पुरे आता." तर म्हणाले, "तुला यातलं कळत नाही." हे मात्र खरं होतं, म्हणून मी गप्प बसले. नंतर कळलं, त्यांनाही कळत नव्हतं.

शेवटी यांचा एक बेगोनियावाला दोस्त आला, दातांचा डॉक्टर आहे. त्यानं रोपांचा ट्रे बघितला आणि दाढ काढायची असल्यासारखा चेहरा केला. "पानावरून नाही येणार हो हे," तो म्हणाला. "असा काठ असला की एकाच पानात दोन झाडं चिकटून राहत असतात, एक वर आणि एक आत. पानातून फुटतं ते त्यातलं एकच. काठ हवा असेल तर खोडाचा तुकडा लावायचा."

हे खुर्चीवर बसले. "पहिल्यांदा मी खोडच लावलं होतं," ते म्हणाले. "म्हणून आलं होतं." जन्मभर पान लावून रोप करणाऱ्या माणसाला पानानंच फसवलं.

तोपर्यंत राणीसाहेबांकडे एकुलतं एक पान उरलं होतं, तेही हातरुमालाच्या कोपऱ्याएवढं. अशा झाडाचं खोड कापायची यांची छाती झाली नाही. झाडाला पानंच नाहीत तर ते पाणी पिणार कशानं? पण यांना धीर कुठला. सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं, जीव लावून पाणी. शेजाऱ्यांना नावं ठेवणारा माणूस. अति तिथे माती म्हणतात, ती माती कुंडीतच होती. खोड बुडाशी मऊ झालं. यांनी बोटानं दाबलं आणि बोट आत गेलं. वरचा तुकडा तरी वाचतो का म्हणून कापला, तर तोही आतून तपकिरी.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी म्हटलं, फोन करून सांगा तिला, ती काही तुम्हाला फासावर देणार नाही. तर माझा हात धरून म्हणाले, "तिला सांगायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला."

"मग काय सांगू?"

"सांग, मी देत नाही म्हणून. चिक्कू म्हणू दे मला. पण मी मारलं हे तिला कळायला नको."

असला उफराटा अभिमान मी जन्मात पाहिला नाही. आणि मी, जिचं तोंड गल्लीत प्रसिद्ध आहे, त्या मीच तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. माझी सगळ्यात मोठी चूक. शपथ तर शपथ, मोडायला हवी होती.

मग सबबी सुरू झाल्या. लेकीचा फोन आला की हे पलीकडून खुणा करायचे आणि मी बोलायची. आत्ताच कुंडी बदललीय. आता नवं पान येतंय, हलवलं तर गळेल. आता ऊन फार आहे, प्रवास सोसायचा नाही. पहिल्यांदा ती हसली. "राणीसाहेबांचे नखरे," म्हणाली. नंतर "बरं" म्हणू लागली. मग तिनं झाडाचं नाव काढणंच सोडलं, आणि हे म्हणाले, "बघ, विसरली." त्यांना सुटल्यासारखं वाटलं. मला ते बघवलं नाही.

परवा तिचा फोन आला तेव्हा तिचा आवाज घुमत होता. मी विचारलं, कुठे आहेस, विहिरीत का?

"घरातच आहे," ती म्हणाली. "सामान गेलं सगळं. आई, कंपनी मला बाहेरच्या देशात पाठवतेय. घर विकलं. पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येते दोन दिवस, तिथूनच विमानतळावर."

"अगं, आणि हे आत्ता सांगतेस?"

"बाबा झाड घेऊन आले असते ना, तेव्हा दोघांना बसवून सांगणार होते. हिवाळ्यातच ठरलं होतं. फोनवर नव्हतं सांगायचं."

मग मात्र मी शपथ चुलीत घातली. सगळं सांगितलं. एक पान, मग दुसरं, दातांचा डॉक्टर, पाणी, सगळं.

"आई," ती म्हणाली, "झाड विमानात थोडंच नेता येतं? मी ते त्यांनाच परत देणार होते. मला फक्त त्यांनी माझं घर बघायला हवं होतं. नुसतं या म्हटलं तर येत नाहीत. झाड दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाहीत, म्हणून झाड मागितलं." मग म्हणाली, "मला वाटलं, झाडापुढे मी कमी पडले."

मी झाडांच्या खोलीत गेले. हे त्या चंदेरी रोपांना वेगवेगळ्या कुंड्यांत लावत होते. सगळी तरारलेली, ठणठणीत, एकालाही काठ नाही. मी उभ्या उभ्या सांगितलं. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं. शपथ मोडली म्हणून ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातली कुंडी खाली ठेवली, हात पँटला पुसले.

"घर विकलं?"

"विकलं. चावी उद्या द्यायची आहे."

"उद्या." ते खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. "झाड कुठे ठेवणार होती?"

"हॉलच्या खिडकीत. जागा करून ठेवली होती तिनं, मी पाहिली होती. एक लहान स्टूल आणि खाली ताटली."

"खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

"पूर्वेला," मी म्हटलं. "सकाळचं कोवळं ऊन येतं, मग दिवसभर नुसता उजेड."



"मग जगलं असतं तिथे," ते म्हणाले.