काही नाही

आमच्या निर्वात विभागात ‘काही नाही’ ही आनंदाची बातमी असते. पोलादी टाकीतली हवा इतकी उपसायची की आत काही म्हणून उरता कामा नये. साहेब दारातूनच विचारतात, काय आहे आत? आपण ‘काही नाही’ म्हटलं की त्यांची कळी खुलते. बाबांनाही मी हे पढवून ठेवलं होतं. संध्याकाळी ते चहा टाकताना विचारायचे, काय झालं? मी म्हणायचे, काही नाही. मग खुशीत माझ्या कपात एक चमचा साखर जास्त पडायची.

मी कंत्राटी. कायम होण्यासाठी मुलाखत एकदाच होते. तीत निवड झाली नाही, तर नोकरी जाते आणि वसाहतीतलं घरही. बाबांनी घरामागे लावलेल्या लिंबाला यंदा कुठे पहिली फुलं आली होती. मुलाखतीच्या सकाळी माझे बूट त्यांनीच पुसून ठेवले.

समोर सगळे बाहेरून आलेले. आमच्या साहेबांना नियमानं आत बसता येत नव्हतं. मधल्या बाईंनी विचारलं, “इतकी वर्षं त्या टाकीवर घालवलीत. हाती काय लागलं?”

टाकीचं नाव निघालं आणि सवयीनं, वर जरा तोऱ्यातच, मी बोलून गेले, “काही नाही.”

ते हसले. मला वाटलं, खूश झाले. मीही हसले. शहाणीच मी.

दुपारी साहेब खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. निवड दुसऱ्याची झाली होती. त्यांनी वर जाऊन माझ्या उत्तराचा अर्थ समजावून पाहिला होता, पण तोवर सह्या झाल्या होत्या. म्हणाले, अगं, एवढं करून मुसळ केरात घातलंस. मी विचारलं, पंप बंद करू का? ते म्हणाले, राहू दे, आता नवीन माणूस बघेल. रडू येईल म्हणून मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. आलं नाही. हात धुतले आणि परत आले. वाईट वाटायला हवं होतं, पण तेवढंही वाटत नव्हतं.

घरी येताना वाक्य जुळवलं होतं, ‘बाबा, माझं झालं नाही.’ ते दारातच उभे होते. काय झालं, त्यांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले.

त्यांचा चेहरा असा उजळला की जुळवलेलं वाक्य तसंच राहून गेलं. त्यांनी लगेच दादाला फोन लावला. झालं रे तिचं, आता लिंबं इथंच खायची, म्हणाले. मग फोन माझ्या हातात देऊन चहाकडे वळले.

दादा दूर राहतो. आमची ही भाषा त्याला कुणी शिकवलेली नाही.

“काय झालं गं?” त्यानं विचारलं.

बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

“काही नाही,” मी म्हणाले.

“मग बाबा म्हणाले ते?” दादानं आवाज खाली आणून विचारलं. बाबा माझ्या कपात साखर घालत होते.