विरजण मागायला गेलेली बाई

लतिकेला चौथा महिना लागला आणि दहीभाताचे डोहाळे सुरू झाले. जर्मनीतल्या ज्या खेड्यात आम्ही राहत होतो तिथे लोक पावाला डुकराची चरबी फासून खात, त्यामुळे बाईसाहेबांचे हे डोहाळे मी कानाआड केले. साल चोपन्न. मी ब्राउनश्वाइगच्या टेक्निशे होखशूलमध्ये, म्हणजे तंत्रविद्यापीठात, यंत्रांवर डोकं फोडत होतो आणि लतिका तीनशे वर्षांपूर्वीच्या चेटकिणींवर प्रबंध लिहीत होती. बॉम्बनी भुईसपाट केलेल्या शहरात खोली मिळेना, म्हणून बसने तासाभरावरच्या या गावात फ्राउ पोल यांच्या माडीवर बिऱ्हाड थाटलं होतं.

पोलबाईही गावच्या नव्हत्या. युद्ध संपताना पोलंडकडे गेलेल्या शिलेशियातून जे लाखो जर्मन हाकलले गेले, त्यांतल्या त्या एक विधवा. सरकारने त्यांना शेजारच्या ब्रांडेस शेतकऱ्याचं छोटं घर राहायला देववलं होतं. ते घर ब्रांडेसांनी थोरल्या मुलासाठी ठेवलेलं, आणि मुलगा रशियातून परतलाच नाही. इतकी वर्षं झाली तरी गावाच्या तोंडी पोलबाई 'ती निर्वासित'च होत्या. हेही घर गेलं तर पुन्हा छावणीतली बराक, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दही लावायचं तर विरजण हवं. ब्रांडेसांकडे आंबट दूध असतं, संध्याकाळी आणते, असं पोलबाई म्हणाल्या.

"संध्याकाळी नको हं," लतिका म्हणाली. "आमच्यात दिवेलागणीनंतर विरजण मागत नाहीत. आत्ता सकाळीच आणाल का?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं म्हणून मी तिची यथेच्छ चेष्टा केली. पोलबाईही हसल्या आणि वाडगा घेऊन निघाल्या.

परतल्या त्या रिकाम्या वाडग्याने. "दार उघडलं नाही," त्या म्हणाल्या. "पण पडद्याआड सगळे उभे होते. छोटी नातसुद्धा. माझ्याकडे बघत होते आणि कुणी हलत नव्हतं."

त्या दिवसापासून गाव गप्प झालं. पोलबाई बेकरीत शिरल्या की बोलणी थांबत आणि दुकानदारीण पाव त्यांच्या हातात न देता फळीवर ठेवून मागे सरके. मुलं रस्ता ओलांडून पलीकडून जात. एका सकाळी उंबऱ्याबाहेर त्यांच्या कोंबड्या माना पिरगळून एका ओळीत नीट मांडलेल्या सापडल्या. शिवी नाही, धमकी नाही, खिडकीवर साधा खडासुद्धा नाही. सरळ सांगतो, मला भीती वाटायला लागली.

शेवटी बसच्या ड्रायव्हरने मला खरं काय ते सांगितलं. ब्रांडेसांच्या निम्म्या गाई आटल्या होत्या, वासरू मेलं होतं, म्हणून त्यांनी दूरच्या गावाहून एक हेक्सनबानर, म्हणजे चेटूक उतरवणारा, आणला होता. पोलबाई वाडगा घेऊन गेल्या त्याच्या आदल्या रात्रीच त्याने गोठ्यात धुरी दिली आणि बजावून गेला की यानंतर जी बाई पहिल्यांदा काही मागायला येईल, तीच चेटकीण. तिला काही देऊ नका.

घरी येऊन मी हे लतिकेला सांगितलं.

"अहो, वर्षभर हेच तर वाचतेय मी. तीनशे वर्षांपूर्वी इथे एकाच देशातली माणसं तीस वर्षं एकमेकांशी लढली. सैन्यांनी धान्य नेलं, गुरं नेली. मग गावोगावी हीच परीक्षा. वाडगा घेऊन दारात कोण येणार? जिच्या घरात काही नाही तीच ना? दरवेळी गावातली सगळ्यांत गरीब बाईच सापडायची." मग ती हळूच म्हणाली, "आणि यांना मी पाठवलं. तेही सकाळीच."

ती तशीच उठून ब्रांडेसांकडे निघाली. मी मागोमाग.

ब्रांडेसबाईंनी लगेच दार उघडलं, लतिकेला खुर्ची दिली, कॉफी ओतली.

"ते दूध मला हवं होतं," लतिका म्हणाली. "त्यांना मी पाठवलं. मागणारी मी आहे."

"हो, हो, ठाऊक आहे आम्हाला," ब्रांडेसबाई मायेने म्हणाल्या. "तुम्ही कशाला असाल? तुम्ही शिकून आपल्या घरी जाल. ती घर सोडून जात नाही." आणि त्यांनी आंबट दुधाची भरलेली बरणी लतिकेपुढे सरकवली. "घ्या, बाळासाठी घ्या."

त्यांच्या मागे भिंतीवर मुलाचा गणवेशातला फोटो होता. मी त्या बाईच्या चेहऱ्यावर दुष्टपणा शोधत राहिलो, तो काही सापडेना. त्याचाच मला जास्त राग आला.

बरणीला हात न लावता आम्ही परतलो. लतिकेने पोलबाईंना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. खरं कळलं की माणसाला धीर येतो, यावर तिचा फार विश्वास. "आपण पोलिसांत जाऊ," ती म्हणाली. "साक्ष मी देते."

पोलबाई एप्रनच्या कडेला घड्या घालत होत्या.

"नवरा गेला," त्या म्हणाल्या. "मुलं वाटेत थंडीने गेली. मी जिथे राहिले ते गावच उरलं नाही. फ्राउ मोकाशी, तुम्ही इतकं वाचलंय. जिला स्वतःलाच ठाऊक नसतं, अशीही चेटकीण असते का?"

"असं काही नसतंच मुळी," लतिका म्हणाली आणि त्यांचा हात धरायला पुढे झाली.

पोलबाईंनी हात मागे घेतला. लतिकेच्या पोटाकडे पाहत त्यांनी आपली खुर्ची भिंतीपर्यंत लांब सरकवली.

"दुसरी खोली बघा," त्या म्हणाल्या. "उद्याच बघा."