एकच भाव

"सगळ्यांनी एकच भाव धरायचा. त्याच्या खाली कुणी विकायचं नाही," आमच्या संघाचे अध्यक्ष म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या, चांगल्या जोरात. शेजारी वहिनी बसल्या होत्या, त्यांचे हात मात्र मांडीवरच होते.

आनंदाला कारण होतं. परदेशी कात्र्यांनी आम्हा कात्री करणाऱ्यांच्या नाकी नऊ आणले होते. आम्हाला नुसतं पोलाद ज्या किमतीला पडायचं, तिच्याहून कमी किमतीत त्यांची अख्खी कात्री मिळायची. निम्मे कारखाने बसले. शेवटी संघाने सरकारकडे तक्रार केली, पण सुनावणीत बोलायला कुणी धजेना, म्हणून वहिनींना पुढे केलं. दादा गेल्यापासून आमचा कारखाना त्याच चालवतात. मी माल विकतो आणि बडबड करतो.

सुनावणीत अधिकारी म्हणाले होते, "बाई, लोकांना स्वस्त मिळतंय. स्वस्त विकलं म्हणून कायद्यानं शिक्षा करायची का?"

"स्वस्ताशी माझं भांडण नाही, साहेब. माझ्यापेक्षा चांगलं काम करून कुणी स्वस्त विकलं, तर मी गुपचूप हार मानेन. पण हे तोटा सोसून विकतायत, ते आम्हाला संपवायला. आम्ही संपलो की भाव यांच्या मुठीत. मग शिंप्यानं जायचं कुणाकडे?"

परदेशी कात्र्यांवर जादा कर बसला आणि संघात वहिनींना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. आज त्या त्याच खुर्चीतून उठल्या.

"एकच भाव म्हणजे किती?"

अध्यक्षांनी सांगितलेला भाव जुन्याच्या जवळजवळ दुप्पट होता.

"म्हणजे आता भाव आपल्या मुठीत," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी केली ती लबाडी, आणि आपण केली की एकी?"

"ताई, सगळ्यांनी पोटाला चिमटा काढलाय. भरून नको काढायला?"

"काढा ना. पण ज्यानं त्यानं आपापला भाव लावून. मी शिंप्याचं नाव घेऊन तिथं बोलले. आता त्याच्याच खिशात हात घालू?"

"पोलाद संघातून येतं, एवढं लक्षात ठेवा."

"लक्षात आहे."

"वहिनी, बसा ना," मी पुटपुटलो.

"भाऊजी, तुम्ही बसा हवं तर," म्हणून त्या चालू लागल्या. मीही उठलो. बसलो असतो तर घरी जेवायला मिळालं नसतं, असं मी लोकांना हसत सांगतो. खरं म्हणजे त्या एकट्या दाराकडे जाताना बघून मला बसवेना.

पोलाद थांबलं. दुसरीकडून मिळालं ते थोडं आणि महाग. भट्टी बरेचदा थंडच राहू लागली. आमचे दोन जुने कारागीर अध्यक्षांकडे कामाला गेले. मी त्यांच्या नावाने बोटं मोडत होतो, तर वहिनींनी अध्यक्षांनाच फोन लावला. "हात चांगले आहेत दोघांचे, सांभाळा," म्हणाल्या. एवढा मोठेपणा मला बापजन्मात जमणार नाही.

कारखाना चालू राहावा म्हणून त्यांनी धार लावायची कामं घ्यायला सुरुवात केली. परवा पलीकडच्या गल्लीतला शिंपी आला. पिशवीतून कात्री काढता काढता तो थांबला. ती परदेशी होती.

"स्वस्त होती तेव्हा घेतली, ताई," तो चाचरत म्हणाला. "तुमच्याकडे आणायची लाज वाटत होती."

"लाज कसली? तुम्हालाही दुकान चालवायचंय. द्या इकडे."

त्यांनी पाती उघडून उजेडाकडे धरली. मधला खिळा सैल होता, तो आधी आवळला. मग धार लावायला बसल्या. दादाच्या हातची कात्री असती तर जेवढा वेळ घेतला असता, तेवढाच घेतला. शेवटी एक चिंधी कापून बघितली. कात्री टोकापर्यंत न अडखळता गेली.

"पोलाद चांगलं आहे हो," त्या म्हणाल्या आणि कात्री मिटून, बोटांच्या कड्या त्याच्याकडे करून, त्याच्या हातात दिली.