मामांची भरती

आमच्या मॅनेजरना सगळे मामा म्हणत. खरं तर ते कुणाचेच मामा नव्हते, पण माणसाला विम्याच्या धंद्यात ओढायचं तर आधी नातं जोडावं, असं त्यांचं मत. न्हाव्याच्या खुर्चीत, दवाखान्याच्या बाकावर, एकदा तर स्मशानातून परतताना त्यांनी माणसं भरती केली होती. मला त्यांनी शाळेच्या फाटकाबाहेर गाठलं. मी मुलीची वाट बघत उभी होते. मुलगी बाहेर येईपर्यंत मी एजंट झाले होते.

काम त्यांनी शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. उगाच खोटं का बोलू? पण मागच्या वर्षी मी एक माणूस आणलं. माझे कपडे शिवणारी टेलरबाई. तिच्याबरोबर मी दारोदार हिंडले, एजंटच्या परीक्षेत ती एकदा आपटली तेव्हा तिला पुन्हा बसवलं. ती पास झाली, आणि मामांनी तिला थेट आपल्या जावयाच्या टीममध्ये टाकलं. जावईबापू नुकतेच मॅनेजर झाले होते, त्यांना डोकी कमी पडत होती.

मी जाब विचारला तर म्हणाले, "अगं, घरातल्या घरात तर आहे."

"घर तुमचं आहे मामा. माणूस मी आणलंय."

"तू एजंट आहेस. तू पॉलिसी आण. माणसं आणायला मी आहे."

माझं डोकंच फिरलं. त्याच दिवशी मी टीम बदलायचा अर्ज दिला, आणि टेलरबाईलाही माझ्याबरोबर सोडा म्हणून त्यात लिहिलं. जायचं होतं ऑफिसातच वरच्या मजल्यावर, माझ्या नणंदेकडे. ती पूर्वी मामांच्याच हाताखाली होती, आता स्वतः मॅनेजर झालीय. मी विचारलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "वहिनी, घरातली भांडणं पुरत नाहीत का गं?"

"वन्सं, पगारी भांडू," मी म्हटलं.

मामांनी हरकत घेतली. एवढ्यावर थांबले नाहीत; नणंदेनं नात्याचा दबाव टाकून एजंट पळवली, अशी वर तक्रार केली. आमच्याकडे जुन्या मॅनेजरच्या संमतीशिवाय टीम बदलता येत नाही. या संमतीला आम्ही सोडचिठ्ठी म्हणतो. ती नाही मिळाली आणि तरी जायचंच असेल तर राजीनामा द्यायचा, वर्षभर घरी बसायचं, आणि आपली गिऱ्हाईकं मॅनेजरनं हवी त्याला वाटायची. घरी बसायचं मला एवढं वाटत नव्हतं. पण माझी माणसं! छातीत दुखायला लागल्यावर डॉक्टरच्या आधी मला फोन करणारा बेकरीवाला. नवरा गेल्यावर जिचा क्लेम मी भांडून मिळवला, ती बाई. ही सगळी जावयाच्या पदरात जाणार होती, आणि तो प्राणी दुःखाच्या घरी जाऊनही नवी पॉलिसी गळ्यात मारून येतो. त्या विचारानं माझा जळफळाट व्हायचा.

सुनावणीला मुख्य कार्यालयातून एक मॅडम आल्या. मोठ्या खोलीत लांबलचक टेबल, एसीखाली ठेवलेली बादली, आणि कोपऱ्यात लिहून घेणारा क्लार्क. मामांच्या वाट्याला बिघडलेली खुर्ची आली होती, बोलता बोलता हळूहळू खाली जाणारी. तरी बोलले झकास.

"मॅडम, एजंट म्हणजे मुलगी हो. बोट धरून चालायला शिकवलं."

"मुलगी मोठी झाली की घरातून जातेच ना?" मॅडम म्हणाल्या.

"जाते. पण आईबापांना विचारून जाते."

नणंद उसळली. "मी वहिनीला एका शब्दानं बोलावलं नाही. विचारलं तिनं."

"एका छपराखाली राहता," मामा शांतपणे म्हणाले. "बोलवायला काय दवंडी पिटायला लागते?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "तुमची तक्रार मला पटते. पण नियम त्यांच्या बाजूनं आहे." मी टेबलाखाली नणंदेचा हात धरला.

तेवढ्यात चहा आला. मॅडमनी कप घेतला आणि गुडघा चोळत क्लार्कला म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात निवृत्त झाले की हे असले जिने सुटतील बाबा."

मामांचा कप ओठांशीच थांबला. टेबलाखाली त्यांचा पाय हलायला लागला. तो पाय मला चांगला ठाऊक होता. शाळेच्या फाटकाबाहेरही तो अस्साच हलत होता. देवा, मी मनात म्हटलं, यांना आता कोणी अडवू नये.

"मग मॅडम, पुढं काय ठरवलंय?" मामांचा आवाज लोण्यासारखा झाला.

"पुढं काय? घरी."

"घरी बसून गुडघे जास्त धरतात! तुमच्या एवढ्या ओळखी. माझ्याकडे या. सगळं मी बघतो."

"तुम्हाला उशीर झाला." मॅडमनी बिस्किट चहात बुडवलं. "दुसऱ्या शाखेतल्या एकाला मी हो म्हणून बसलेय."

"हो म्हटलं म्हणजे काय लग्न लागलं?"

"पण समजा, त्याच्याकडे काम सुरू केलं आणि मग तुमच्याकडे यावंसं वाटलं. तो हरकत घेईल ना?"

"घेऊ दे की हो!" मामा पुढे सरकले, खुर्ची आणखी खाली गेली. "एजंट काय कुणाच्या दावणीला बांधलेली गाय आहे? ज्याच्याशी पटतं त्याच्याकडे माणूस जातं. कितीक जणांना मी असंच आणलंय."

"आणि माझी गिऱ्हाईकं?"

"ती तुमच्यामागून येतील. गिऱ्हाईक एजंटचं तोंड बघून विमा घेतं मॅडम, मॅनेजरला ओळखतं कोण?"

बादलीत एसीचं पाणी तेवढं ठिबकत होतं. मॅडमनी कप खाली ठेवला आणि क्लार्ककडे वळल्या. "घेतलंत लिहून?"

"शब्दन्‌शब्द, मॅडम."

"अहो, मी आपलं सहज..." मामांची हनुवटी आता टेबलाला टेकायच्या बेतात होती.

"सहज बोलतं तेव्हाच माणूस खरं बोलतं, मामा." आता त्याही त्यांना मामा म्हणायला लागल्या! मला हसू आवरेना. मी मोठ्यानं, अगदी निर्लज्जासारखी हसले.

मामांच्याच शब्दांवर बोट ठेवून मॅडमनी त्यांची हरकत आणि नणंदेवरची तक्रार दोन्ही फेटाळल्या. मी माझ्या गिऱ्हाइकांसकट जायला मोकळी झाले. "आणि टेलरबाईंनी कुठं जायचं, ते त्यांनीच सांगावं," असं म्हणून मॅडमनी तिला आत बोलावलं. ती दुकान टाकून आली होती, गळ्यात टेप तशीच.

"नीट विचार कर हं," मामांनी शेवटचा प्रयत्न केला. "जावई तुझं भलं करेल."

"मामा, पहिल्या दारातून मला हाकललं तेव्हा माझ्याबरोबर जिन्यात बसून राहिल्या त्या या बाई," ती म्हणाली. "तुमचे जावई तर मला ओळखतसुद्धा नाहीत. परवा दुकानात आले आणि मलाच विमा विकत बसले."

क्लार्कसुद्धा हसला. मामांनी सोडचिठ्ठीवर सही केली. करताना माझ्याकडे बघून मान हलवली, आणि त्या मान हलवण्यात राग नव्हता, हे मी कबूल केलं पाहिजे.

बाहेर जिन्यात नणंदेनं मला मिठीच मारली. "जिंकलो गं वहिनी!"

मला नाचावंसं वाटत होतं. तरी मी तिला हातभर लांब धरलं. "वन्सं, आधी ठरवून घेऊ. टेलरबाई मी आणलेलं माणूस म्हणून माझ्या नावावर लागणार. आणि उद्या मी तुला सोडून जाते म्हटलं, तर हरकत घ्यायची नाही."

तिचा चेहरा पडला. "म्हणजे तू जाणार आहेस?"

"छे गं! राहणार आहे. पण दार उघडं असलं तरच मला घरात राहवतं."

नणंदेनं टेलरबाईला साक्षीला उभं केलं आणि माझ्या हातावर जोरात टाळी दिली.